अडवून धरलेला चेंडू

डीन स्मिथ यांच्या थोरवीविषयी वाद घालण्याचा प्रस्तुत लेखकाचा हेतू नाही. 1961 ते 1997 या काळात नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघाला त्यांनी 879 विजय मिळवून दिले. अमेरिकेच्या दक्षिणेत वर्णभेदाची मुळे अद्याप खोल असताना चार्ली स्कॉट या कृष्णवर्णीय खेळाडूला त्यांनी संघात आणले. तथापि या संघावर लोभ असणाऱ्याच्या मनात एक खंत राहतेच, आणि ती 'फोर कॉर्नर्स' या डावपेचाविषयीची आहे.

चार खेळाडूंनी अर्ध्या मैदानाचे चार कोपरे धरावयाचे आणि पाचव्याने मध्यभागी टप्पे देत चेंडू खेळवावयाचा. प्रतिस्पर्धी पुढे सरसावला, तर त्याच्या पाठीमागे मोकळ्या झालेल्या जागेतून बास्केट साधावयाची. न सरसावला, तर वेळ आपोआप सरतेच आहे. फिल फोर्ड मिळालेली आघाडी राखण्यासाठी हे करी, तेव्हा त्यात एक डौल होता, हे मोकळेपणी मान्य केले पाहिजे. प्रश्न हे अस्त्र केव्हा उपसावे, याच्या विवेकाचा आहे.

1977 च्या राष्ट्रीय अंतिम सामन्यात मार्क्वेट विद्यापीठाविरुद्ध बारा गुणांची पिछाडी भरून काढून संघाने 45-45 अशी बरोबरी साधली होती. नेमक्या त्याच क्षणी खेळ संथ करण्यात आला. फोर्डचा कोपर दुखावलेला होता, हे खरे. परंतु उसंत प्रतिपक्षालाही मिळाली, आणि सामना 67-59 असा हातचा गेला.

फेब्रुवारी 1979 मधील ड्यूकविरुद्धचा सामना तर याहून बोलका आहे. ड्यूकचा बचाव पुढे येईना, म्हणून कॅरोलायनाने चेंडू अडवून धरला. मध्यंतरास गुण होते 7-0. वीस मिनिटांत एका नामांकित संघाला एकही गुण नाही! उत्तरार्धात दोन्ही संघांनी चाळीस-चाळीस गुण केले. म्हणजे पराभव झाला तो न खेळलेल्या अर्ध्यात. आठवड्याभराने याच ड्यूकला कॅरोलायनाने 71-63 असे नमविले.

नियम मोडला नव्हता, असे समर्थक म्हणतात. ते यथार्थ आहे. आपल्या कबड्डीत चढाई करणाऱ्याचा दम हेच पूर्वापार घड्याळ. महाविद्यालयीन बास्केटबॉलला मात्र तसे कोणतेच घड्याळ नव्हते. व्यावसायिकांनी 1954 मध्येच चोवीस सेकंदांची मर्यादा घातली होती. परंतु नियमाने जे वर्ज्य केले नाही ते सारे कर्तव्य ठरते, असे थोडेच आहे?

मार्च 1982 मध्ये परिषदेच्या अंतिम सामन्यात व्हर्जिनियाविरुद्ध एका गुणाची आघाडी असताना कॅरोलायनाने सुमारे सात मिनिटे चेंडू राखला. उंचापुरा राल्फ सॅम्पसन बास्केटजवळून हलेना, म्हणून तेही स्वस्थ आणि हेही स्वस्थ. निकाल 47-45. त्याच महिनाअखेर हा संघ जॉर्जटाउनला 63-62 असे हरवून राष्ट्रीय विजेता झाला, यावरून स्मिथ यांचेच बरोबर होते असे कोणी म्हणेल. पुढे 1985-86 च्या हंगामापासून पंचेचाळीस सेकंदांचे बंधन आले आणि वादच मिटला. परंतु त्या सात मिनिटांचे चित्रण आजही पाहताना जीव कासावीस होतो: जेम्स वर्दी, सॅम पर्किन्स आणि एकोणीस वर्षांचा मायकेल जॉर्डन ज्या संघात, तो संघ घड्याळाकडे पाहत उभा आहे.