डोक्यातले ज्ञान वहीत उतरू द्या

हिंगणी-सेलूकडची शिकलेली मुले आता नागपूरच्या मिहानमध्ये किंवा पुण्याच्या हिंजवडीत सॉफ्टवेअर कंपन्यांत नोकरी शोधतात. तिथले काम आपल्याला परके वाटते. पण त्यातली एक गोष्ट आपल्या घराला, दुकानाला आणि शेतीलाही लागू पडते. एकट्याच्या डोक्यातले ज्ञान सर्वांचे कसे करावे, ही ती गोष्ट.

फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतील युटा राज्यात १७ सॉफ्टवेअर तज्ज्ञांनी एकत्र बसून 'अजाइल' पद्धतीचा जाहीरनामा लिहिला. मोठ्या कामाचे लहान तुकडे पाडायचे, दर काही आठवड्यांनी ग्राहकाला दाखवायचे आणि सुधारत पुढे जायचे, ही ती पद्धत. जाड कागदपत्रांपेक्षा चालणारे सॉफ्टवेअर जास्त मोलाचे, असे त्यात म्हटले आहे. काहींनी त्याचा अर्थ 'लिहायचेच नाही' असा काढला. वास्तविक कागदपत्रांनाही मोल आहे, हे जाहीरनामा स्वतःच सांगतो. काही न लिहिता जुना माणूस नोकरी सोडून गेला, की अमुक भाग असा का बनवला हे सांगणारे कोणी उरत नाही.

म्हणून चांगल्या कंपन्या काही सवयी पाळतात. रोज सकाळी पंधरा मिनिटे उभ्याउभ्या बैठक होते. कोणाचे काम कुठे अडले ते सर्वांना कळते. दोघे एकाच संगणकावर बसून काम करतात, त्यातून नवखा शिकतो. दर टप्प्यानंतर काय चुकले याची चर्चा होते. घेतलेला निर्णय आणि त्याचे कारण सर्वांना दिसेल अशा जागी लिहिले जाते.

यात तरुणांना एक भीती असते. सगळे सांगून टाकले तर आपली गरज काय उरणार? पण ज्याच्याशिवाय काम अडते, त्याला धड सुटीही मिळत नाही. जो शिकवतो, त्याच्याकडे पुढचे मोठे काम येते. शिवाय ज्ञान ही अल्लाहने दिलेली अमानत आहे.

आपल्या इतिहासात याचे मोठे उदाहरण आहे. यमामाच्या लढाईत अनेक हाफिज शहीद झाले. तेव्हा हजरत उमर (रजि.) यांच्या आग्रहावरून खलिफा हजरत अबू बकर (रजि.) यांनी कुरआन एकत्र लिहून काढण्याचे काम हजरत जैद बिन साबित (रजि.) यांच्यावर सोपवले. त्यांनी लिखित तुकडे आणि हाफिजांची स्मरणशक्ती, दोन्हींचा आधार घेतला. लिहून झाले म्हणून पाठांतर थांबले नाही. ते आजही चालू आहे.

आता आपल्या घराकडे पाहा. कोणाकडून किती उसने घेतले, कोणाला किती दिले, शेताची कागदपत्रे कुठे आहेत, बँकेचे खाते कोणते, हे बहुतेक घरांत फक्त वालिदांना ठाऊक असते. ते गेल्यावर वारसांची वाटणी करण्याआधी कर्ज फेडावे लागते. पण कर्ज किती तेच कळत नाही. भावंडांत वाद होतात, विधवा आणि मुलींचा हक्क बुडतो. उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची आज्ञा सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत आहे, आणि ती कुरआनातली सर्वांत मोठी आयत आहे.

या महिन्यात एक वही करा. देणे, घेणे, कागदांची जागा, सारे लिहा. पत्नीला आणि मोठ्या मुला-मुलींना शेजारी बसवून ते समजावून सांगा. पुढेही व्यवहार बदलला, की वही उघडा.