रायफल लाखाची, कान मात्र उघडे!

मुलीनं नेमबाजी शिकायचं म्हटलं की आता घरात पूर्वीसारखा गहजब होत नाही. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतनं २०१० साली म्युनिकला ५० मीटर रायफल प्रोनमध्ये जागतिक विजेतेपद मिळवलं. कोल्हापूरच्याच राही सरनोबतनं २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत पिस्तुलात सुवर्णपदक आणलं. २०२४ मध्ये राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफलचं ब्राँझ जिंकलं, तेव्हा तर कितीतरी घरांत "आपल्याही पोरीला घालूया का?" ही चर्चा झाली असणार. याशिवाय एनसीसीच्या कॅम्पला जाणाऱ्या, पोलिसात भरती होऊन ट्रेनिंगला गेलेल्या, एनडीएचं स्वप्न बघणाऱ्या मुली आता तालुक्यातालुक्यांत आहेत. फार चांगली गोष्ट आहे ही. मनापासून आनंद होतो.

पण एक गोष्ट मला बरेच दिवस खटकते आहे. मुलीसाठी आईवडील काय काय करतात बघा. दीड-दोन लाखांची परदेशी एअर रायफल घेतात, कुणी त्यासाठी पतपेढीचं कर्ज काढतं, कुणी पाटल्या मोडतं. मग जाडजूड जॅकेट, पँट, खास बूट, प्रवास, स्पर्धांची फी. या सगळ्या यादीत कानाचं नाव कुठे म्हणजे कुठे नसतं! कानात घालायच्या बोळ्यांची जोडी दहा-वीस रुपयांना मिळते, पण ती आणायची राहून जाते.

"त्यात काय, सवय होते आवाजाची," असं सर्रास म्हटलं जातं. मैत्रिणींनो, सवय होत नाही, कान हळूहळू बधिर होतो. आपल्याला वाटतं, तीच सवय!

थोडं समजून घेऊया. आवाज डेसिबलमध्ये मोजतात. ८५ डेसिबलच्या आवाजात रोज आठ तास काम केलं, तर पुढे कानाला धोका असतो. म्हणजे गिरणीत, कारखान्यात काम करणाऱ्यांचं जे होतं ते. बंदुकीचं तसं नाही. तिथे एकच दणका असतो, क्षणभराचा, पण जबरदस्त. साधारण १४० डेसिबलच्या वरचा दणका एकदा बसला तरी कानाला कायमची इजा होऊ शकते. एनसीसीत वापरतात ती पॉइंट टू-टूची छोटी रायफल या १४० च्या आसपास पोचते. पोलीस-लष्कराच्या मोठ्या रायफली त्याच्याही कितीतरी वर जातात. दिवाळीच्या फटाक्यांना आपल्याकडे आवाजाची मर्यादा आहे, पण ती चार मीटर अंतरावर मोजतात. रायफलची नळी तर मुलीच्या कानापासून हाता-दोन हातांवर असते! दहा मीटरच्या एअर रायफलचा आवाज बराच कमी असतो हे खरं, पण पत्र्याच्या शेडमध्ये आठ-दहा जणी ओळीनं उभ्या राहून रोज दोन-तीन तास सराव करतात, तेव्हा तोही दुर्लक्ष करण्यासारखा नसतो.

आपल्या आतल्या कानात बारीक केसांसारख्या पेशी असतात, एका कानात साधारण पंधरा हजार. आवाज मेंदूपर्यंत पोचवायचं काम त्यांचं. मोठ्या दणक्यानं त्या मोडतात आणि एकदा मोडल्या की पुन्हा उगवत नाहीत. त्यावर औषध नाही, ऑपरेशन नाही. आधी जातात ते बारीक, उंच पट्टीचे आवाज. त्यामुळे मुलीला 'ऐकू येतं', पण 'स', 'श', 'फ' नीट कळत नाहीत. वर्गात गोंगाट असला की बाई काय म्हणाल्या ते समजत नाही. मग आपण म्हणतो, "लक्ष कुठे असतं तुझं?" उजव्या खांद्याला रायफल लावणारीचा डावा कान नळीकडे असतो, म्हणून बऱ्याचदा डावा कान आधी जातो. सराव करून आल्यावर कानात शिट्टी वाजल्यासारखं, रातकिडे ओरडल्यासारखं वाटत असेल, तर तो कानानं दिलेला इशारा समजा. दोन दिवसांनी तो आवाज थांबला म्हणजे सगळं पूर्ववत झालं, असं मुळीच नाही.

हे सगळं बोलत असताना बचत गटातल्या एकीनं मला विचारलं, "ताई, पिक्चरमध्ये बंदुकीला ते नळकांडं लावतात आणि आवाजच येत नाही, तसं काही स्वस्तातलं, हलकंसं आपल्या पोरींच्या रायफलीला मिळत नाही का?" प्रश्न अगदी रास्त आहे. त्या नळकांड्याला सायलेन्सर म्हणतात. अमेरिकेत हायरम पर्सी मॅक्झिम नावाच्या माणसानं १९०९ साली त्याचं पेटंट घेतलं. गंमत म्हणजे याच्या वडिलांनी मॅक्झिम मशीनगन शोधून काढली होती आणि त्या आवाजानं त्यांचे स्वतःचे कान पार गेले होते. आपल्या मोटारसायकलच्या सायलेन्सरचं आणि याचं तत्त्व एकच. गरम वायू एकदम बाहेर न सोडता आतल्या कप्प्यांतून फिरवून सावकाश सोडायचे. नॉर्वे, फिनलंडमध्ये शिकारी लोक तो सर्रास वापरतात, स्वतःच्या कानासाठी आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांसाठीही. अमेरिकेत १९३४ पासून त्यावर दोनशे डॉलरचा कर होता, तो २०२६ च्या जानेवारीपासून शून्यावर आणला, नोंदणी मात्र ठेवली. तिथे लोक कमी वजनाचा कुठला, परवडणारा कुठला, अशी चर्चा करून तो निवडतात.

पण पिक्चरमधला 'फुस्स' आवाज खोटा बरं का! सायलेन्सरनं आवाज साधारण २० ते ३५ डेसिबलनं कमी होतो. मोठ्या रायफलीला तो लावला तरी कानाला जपावंच लागतं. आणि आपल्या देशात तर हा प्रश्न मिटलेलाच आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्याखालच्या नियमांत बंदुकीचा आवाज कमी करणारी साधनं प्रतिबंधित वर्गात येतात. सामान्य माणसाला ती घेता येत नाहीत. तेव्हा कुणी 'मागवून देतो' म्हणालं तरी त्या फंदात पडू नका. मुलीचं करिअर राहील बाजूला आणि पोलीस चौकीच्या चकरा सुरू होतील. नळीचं तोंड आपल्याला बंद करता येत नाही ना, मग कानाचं करूया. ते आपल्या हातात आहे, स्वस्त आहे आणि हलकंही आहे.

सर्वांत स्वस्त म्हणजे स्पंजाचे बोळे. वजन जवळजवळ नाहीच. पण नुसते कानाच्या तोंडाशी अडकवून उपयोग नाही. स्वच्छ हातानं बोळा वळून वातीसारखा बारीक करायचा, दुसऱ्या हातानं कान वर आणि मागे ओढायचा, बोळा आत सरकवायचा आणि वीस-तीस आकडे मोजेपर्यंत बोटानं धरून ठेवायचा. तो आत फुगला की कान बंद होतो. मळला की टाकून द्यायचा. दुसरा प्रकार सिलिकॉनचा, झाडासारखे थर असलेला. तो धुऊन पुन्हा वापरता येतो, थोडा महाग पडतो, पण वर्षभराचा हिशोब केला तर परवडतो. तिसरा प्रकार हेडफोनसारखे इअरमफ. ते काही शे रुपयांपासून मिळतात. घेताना वाट्या पातळ बघून घ्या, जाड वाटी रायफलीच्या दस्त्याला अडते आणि पोरगी वैतागून मफ काढूनच ठेवते. वजनही हातात घेऊन बघा. दोन-अडीचशे ग्रॅमचा मफ तासन्‌तास डोक्यावर राहतो, जड असला की मान अवघडते.

आणखी एक. चष्म्याची काडी, कानातल्या कुड्या, स्कार्फ, कानावर आलेली वेणी, यातलं काहीही मफच्या गादीखाली आलं की फट राहते आणि त्या फटीतून आवाज आत शिरतो. अशा मुलींना बोळेच बरे. पाकिटावर 'एनआरआर' म्हणून आकडा छापलेला असतो, प्रत्यक्षात त्याच्या निम्माच फायदा होतो असं धरून चाला. मोठ्या रायफलीला बोळे आणि वरून मफ, दोन्ही घालावेत. कापूस आणि मोबाईलचे इअरफोन यांना मात्र संरक्षण समजू नका. गाणी ऐकायची वस्तू ती, दणका थोपवायची नाही.

मग एवढं सोपं असून होत का नाही? मला दोन कारणं दिसतात. एक म्हणजे कान झाकणं भित्रेपणाचं वाटतं. मुलांच्या बरोबरीनं उतरलेल्या मुलीला तर जास्तच. "आवाजाला घाबरतेस काय?" असं कुणी म्हणेल म्हणून ती गप्प बसते. दुसरं कारण आपल्याच घरातलं आहे आणि ते जास्त कडू आहे. मुलीला कमी ऐकू येतंय हे लक्षात आलं तरी आपण बोलत नाही. लग्न जमायचं असतं ना! डोळ्याला चष्मा लागला तर आपण लगेच जातो, कानाच्या तपासणीला मात्र लपतछपत जातो किंवा जातच नाही. मुलगी टीव्हीचा आवाज वाढवत जाते आणि आपण तिला बेफिकीर ठरवतो. ज्या मुलींना सैन्यात, पोलिसात जायचंय त्यांची तर वैद्यकीय तपासणीत कानांचीही परीक्षा असते. सरावात कान गमावला, तर ज्या वाटेनं निघाली तीच वाट बंद व्हायची!

म्हणून माझं स्पष्ट मत आहे, कान झाकल्याशिवाय गोळी नाही, हा नियम प्रत्येक रेंजवर आणि प्रत्येक कॅम्पमध्ये पाळला गेलाच पाहिजे. फायरिंग करणारीच नव्हे, मागे रांगेत थांबलेल्या मुली आणि शिकवणारे सरसुद्धा. सूचना ऐकू येत नाहीत ही सबब सांगू नये, हातानं खुणा ठरवता येतात. मुलीला कॅम्पला पाठवताना आपण डबा, पाण्याची बाटली, टॉर्च विचारतो, तसं "कानाला काय देणार आहात?" हेही विचारायला हवं. शाळेनं नाही दिलं तर आपण द्यावं. नेमबाजी सुरू करण्यापूर्वी एकदा कानाची तपासणी करून कागद जपून ठेवावा आणि दरवर्षी पुन्हा करावी, म्हणजे फरक वेळीच कळतो.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आपण दरवर्षी प्लास्टिकच्या डब्या, गाळण्या लुटतो. घरोघरी त्यांचा ढीग झालाय. यंदा एखाद्या मंडळानं गावातल्या एनसीसीच्या मुलींना बोळ्यांच्या जोड्या दिल्या तर? खर्च तेवढाच येईल. आणि देताना तो कानात कसा घालायचा ते प्रत्येकीला करून दाखवा, पाकीट नुसतं हातात देऊन भागणार नाही.