रुग्ण घरी गेल्यानंतर

ल्यूकेमियाच्या रुग्णास दात्याच्या मूलपेशी देण्याच्या उपचाराचे सामर्थ्य आणि त्याचे संकट ही दोन्ही एकाच उगमातून, म्हणजे दात्याच्या टी-पेशींतून निघतात. ज्या रुग्णांना जीव्हीएचडी (दात्याच्या पेशींनी रुग्णाच्याच शरीरावर केलेला हल्ला) होतो त्यांच्यात मूळ रोग उलटण्याचे प्रमाण कमी असते, हे सिएटलच्या संशोधकांनी १९७९ साली दाखविले. आणि टी-पेशी काढून टाकून केलेल्या, किंवा एकबीज जुळ्या भावंडाकडून घेतलेल्या प्रत्यारोपणानंतर रोग अधिक वेळा परततो, हे १९९० साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या संकलनाने पक्के केले. तेव्हा या पेशींचा समूळ उच्छेद करणे हे आपले धोरण असू शकत नाही. त्यांच्यावर अंमल बसविणे एवढेच आपल्या हाती आहे, आणि तेच अवघड आहे.

जीव्हीएचडीच्या प्रतिबंधाच्या बाबतीत आपल्या पिढीने पाहिलेले सर्वांत मोठे स्थित्यंतर एका जुन्या व स्वस्त औषधाने घडविले, याचे मला मनापासून समाधान वाटते. १९८६ पासून सायक्लोस्पोरिन व मेथोट्रेक्सेट यांची जोडी प्रमाण मानली जात होती. पुढे निम्म्या जुळणीच्या दात्यांसाठी बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स संस्थेत प्रत्यारोपणानंतर तिसऱ्या व चौथ्या दिवशी सायक्लोफॉस्फामाइड देण्याची पद्धत सिद्ध झाली, आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील बहुकेंद्री चाचणीत, सौम्य पूर्वतयारी दिलेल्या आणि बहुतांशी पूर्ण जुळणीचे दाते लाभलेल्या रुग्णांतही, तीव्र जीव्हीएचडी, प्रतिकारदमन लागणारा जुनाट जीव्हीएचडी व रोगाची उलट यांवाचून वर्षभर जिवंत राहिलेल्यांचे प्रमाण या पद्धतीने ५२.७ टक्के, तर टॅक्रोलिमस व मेथोट्रेक्सेटच्या जोडीने ३४.९ टक्के भरले. ज्या देशात पूर्ण जुळणारे भावंड अनेकांना लाभत नाही, तेथे या निष्कर्षाचे मोल वेगळे सांगावयास नको. मात्र पेशी रक्तात सोडल्यापासून सायक्लोफॉस्फामाइड पुरे होईपर्यंत स्टिरॉइड देऊ नये, हा नियम वांतीवरील उपचाराच्या निमित्तानेसुद्धा मोडता कामा नये. आणि विलंबाने वाढणारे रक्तघटक, संसर्ग व हृदयावरील परिणाम यांची तजवीज आधीच करावी.

तीव्र जीव्हीएचडीच्या उपचाराविषयी येथे थोडक्यात लिहितो. पूर्ण मात्रेतील स्टिरॉइडवर तीन दिवसांत रोग वाढला, किंवा आठवडाभरात हटला नाही, तर स्टिरॉइडची मात्रा वाढवीत बसणे व्यर्थ आहे. अशा रुग्णांत रक्सोलिटिनिबने अठ्ठाविसाव्या दिवशी ६२ टक्के प्रतिसाद मिळाला, इतर उपचारांनी ३९ टक्के. निर्णयास उशीर झाला की मृत्यू बहुधा संसर्गाने ओढवतो.

परंतु प्रस्तुत लेखनाचे खरे प्रयोजन प्रत्यारोपण-कक्षाच्या बाहेरचे आहे. १९८३ साली मुंबईच्या टाटा रुग्णालयात झालेल्या प्रत्यारोपणापासून आजवर आपण कक्षातील शिस्त बऱ्याच अंशी कमावली. त्यानंतर मात्र रुग्ण आपल्या जिल्ह्यात परततो, आणि त्याच्या अंगावरील पुरळास तेथे नायटा समजून मलम मिळते, जुलाबास अन्नदोष समजून गोळ्या मिळतात. खोकल्यासाठी क्लॅरिथ्रोमायसिन सुरू झाले की प्रतिकारदमनासाठी दिलेल्या टॅक्रोलिमसची रक्तातील पातळी चढून मूत्रपिंडे दुखावतात. क्षयाच्या संशयावरून रिफॅम्पिसिन सुरू झाले की तीच पातळी कोसळून दबलेला जीव्हीएचडी उसळून वर येतो. पंडुरोगावर रक्त चढवायचे झाल्यास ते विकिरित असावे, अन्यथा रक्तदात्याच्या पेशीच नवा व बहुधा प्राणघातक जीव्हीएचडी उत्पन्न करू शकतात, ही सूचना त्या रक्तपेढीपर्यंत कोणी पोचविलेली नसते. यात जिल्ह्यातील डॉक्टरांस बोल लावणे अन्यायाचे होईल. जो कागद त्यांच्या हाती पडावयास हवा होता, तो आपण लिहिलेलाच नसतो. इंग्रजीतील पंधरा पानांचा सारांश म्हणजे तो कागद नव्हे. एका पानावर, रुग्णास व त्याच्या घरच्यांस वाचता येईल अशा मराठीत, कोणती औषधे विचारल्यावाचून सुरू वा बंद करू नयेत, कोणत्या लक्षणांवर त्याच दिवशी दूरध्वनी करावा, जिवंत विषाणूंच्या लसी का टाळाव्यात, आणि दूरध्वनी कोणी घ्यावयाचा, एवढे लिहून दिले पाहिजे. आणि तो दूरध्वनी रात्रीही उचलला गेला पाहिजे.

जुनाट जीव्हीएचडीच्या बाबतीत तर हे अधिकच खरे आहे. डोळ्यांतील व तोंडातील कोरड, ताणून आलेली त्वचा, स्त्रियांनी संकोचाने न सांगितलेला योनिमार्गाचा दाह, ही लक्षणे विचारल्यावाचून कळत नाहीत; आणि फुप्फुसांतील सूक्ष्म श्वासनलिका बुजू लागल्या तरी आरंभी रुग्णास धाप लागतेच असे नाही. जिना चढताना दम लागतो अशी तक्रार तो करू लागतो तोपर्यंत पुष्कळ क्षमता नष्ट झालेली असते, आणि ती सहसा परत मिळत नाही. म्हणून पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी स्पायरोमेट्री करून घेण्याचा आग्रह आपण धरावा. ती चाचणी मुंबई-पुण्यापुरती मर्यादित नाही. रुग्णाच्या जिल्ह्याच्या ठिकाणीही ती होऊ शकते, आणि तेथील आकडे मागील आकड्यांशी ताडून पाहण्याचे काम प्रत्यारोपण करणाऱ्या केंद्राने आपल्याकडे घ्यावे.