दुरुस्तीच्या खुणा पुसू नयेत

अमेरिकेत पिट्सबर्गजवळ राहणारा माझा भाचा गेली काही वर्षे जुन्या लष्करी पिस्तुलांचा संग्रह करीत आला आहे. गेल्या उन्हाळ्यात मी त्याच्याकडे मुक्कामास असताना एका संध्याकाळी त्याने जेवणाच्या मेजावर जाड फडके अंथरले, मॅगझीन काढून नळी रिकामी असल्याची दोनदा खात्री करून घेतली, आणि राखाडी-हिरवट रंगाचे एक जड पिस्तूल माझ्यासमोर सुटे केले. चौकटीच्या उजव्या अंगावर ही वस्तू अमेरिकी सरकारच्या मालकीची असल्याचा छाप होता. त्याजवळच्या क्रमांकावरून ती चौकट कोल्टच्या कारखान्यात घडलेली ठरत होती, आणि डाव्या अंगावरील 'जी. एच. डी.' ही सरकारी तपासणी-अधिकाऱ्याची आद्याक्षरे त्याच गोष्टीला दुजोरा देत होती. मात्र चौकटीवर मागेपुढे सरकणारी जी पोलादी स्लाइड, तिच्यावर सिरॅक्यूजच्या रेमिंग्टन रँड कंपनीचे नाव होते, नळीवरची 'एच. एस.' ही खूण हाय स्टँडर्ड नावाच्या तिसऱ्याच कारखान्याची होती; आणि चौकटीवरच एका कोपऱ्यात, मूळ अक्षरांहून निराळ्या वळणाचा, 'ए. ए.' असा लहानसा ठसा होता, जो ऑगस्टा येथील सरकारी शस्त्रागारात या पिस्तुलाची दुरुस्ती झाल्याची साक्ष देत होता.

अशा पिस्तुलाला तिकडचे संग्राहक 'मिक्समास्टर' म्हणतात. हे मुळात तिकडच्या स्वयंपाकघरातील एका विजेच्या मिश्रणयंत्राचे नाव आहे आणि ते कौतुकाने घेतले जात नाही. भाच्याच्या एका स्नेह्याने त्याला सल्ला दिला होता की, चौकटीच्याच सालातील कोल्टची एक स्लाइड विकत घ्यावी, नळीही त्याच काळची मिळवावी, आणि पिस्तूल 'योग्य' करून टाकावे, म्हणजे त्याची किंमत वाढेल. "मामा, तुम्ही काय केले असते?" असे त्याने मला विचारले. मी या विषयातला अधिकारी पुरुष नव्हे. परंतु जुन्या वस्तूंशी आणि जुन्या कागदांशी जन्मभर संबंध आलेला असल्यामुळे माझे उत्तर तयार होते, आणि ते सविस्तर मांडावे एवढ्याकरिताच हा लेख लिहीत आहे.

जॉन ब्राउनिंग या अलौकिक प्रतिभेच्या कारागिराने आखलेले हे पिस्तूल अमेरिकी सैन्याने २९ मार्च १९११ रोजी स्वीकारले. त्याच महिन्यातील परीक्षेत त्यातून ६,००० गोळ्या एकामागून एक झाडण्यात आल्या, तापलेले पिस्तूल पाण्यात बुडवून थंड करण्यात आले, आणि तरीही ते एकदाही अडले नाही. दुसऱ्या महायुद्धात त्याची मागणी एका कारखान्याच्या आवाक्याबाहेर गेली, तेव्हा कोल्टच्या जोडीला बंदुका करणारी इथाका, टंकलेखन यंत्रे करणारी रेमिंग्टन रँड, आणि माझ्या भाच्याच्या घरापासून फार दूर नसलेल्या स्विसव्हेल गावातील, रेल्वेचे सिग्नल तयार करणारी युनियन स्विच अँड सिग्नल या कंपन्यांना कामे देण्यात आली. युद्धकाळात एकूण सुमारे १९ लाख पिस्तुले तयार झाली आणि त्यांपैकी जवळजवळ निम्मी टंकलेखन यंत्रांच्या त्या कारखान्यातून बाहेर पडली.

या सर्व कारखान्यांवर सरकारची एक अट होती, आणि माझ्या मते सारा वाद त्या एका अटीनेच निकालात निघतो: कोणत्याही कारखान्याचा कोणताही भाग दुसऱ्या कोणत्याही कारखान्याच्या पिस्तुलात कानस न लावता बसला पाहिजे. त्यासाठी निरनिराळी पिस्तुले सुटी करून, त्यांचे भाग एकत्र कालवून, पुन्हा जोडून पाहण्याची परीक्षा असे. रेमिंग्टन रँडचा माल १९४३ साली या कसोटीस उतरला नाही, तेव्हा युद्ध ऐन भरात असतानाही तिचे उत्पादन काही काळ थांबवण्यात आले आणि भाग बिनचूक बसू लागल्यावरच पुन्हा सुरू झाले. म्हणजे ज्या सरमिसळीबद्दल आजचा ग्राहक नाक मुरडतो, ती सरमिसळ शक्य व्हावी म्हणून यंत्रशास्त्रज्ञांनी रक्ताचे पाणी केले होते. भाच्याच्या मेजावरचे ते पिस्तूल पुन्हा जोडताना कोल्टच्या चौकटीवर रेमिंग्टन रँडची स्लाइड ज्या सहजतेने, एका हलक्याशा 'खट्' आवाजासरशी बसली, त्यात मला त्या लोकांच्या व्रताची पूर्ती ऐकू आली.

१९४५ नंतर सरकारने या जातीचे नवे पिस्तूल सैन्यासाठी घेतले नाही, आणि तरीही १९८५ साली बेरेटा पिस्तुलाची निवड होईपर्यंत, कोरिया आणि व्हिएतनाम ही दोन युद्धे ओलांडून, हेच पिस्तूल सैनिकांच्या कमरेला राहिले. चाळीस वर्षे जुन्याच मालावर भागवावयाचे म्हणजे दुरुस्ती आलीच. ऑगस्टा, रॉक आयलंड, ॲनिस्टन अशा शस्त्रागारांत पिस्तुले गाड्या भरभरून येत. तेथे ती पूर्ण सुटी केली जात, चौकटी एका पेटीत, स्लाइडी दुसरीत, नळ्या तिसरीत अशी वर्गवारी होई, मापनयंत्र लावून झिजलेला जिन्नस बाद केला जाई, राहिलेल्यांवर फॉस्फेटचा नवा लेप चढे, आणि मग बाकावरचा कामगार हाताला येईल ती चौकट, हाताला येईल ती स्लाइड घेऊन पिस्तूल जोडी. कोणती स्लाइड कोणाच्या घरची, हा प्रश्न त्याच्यापुढे नव्हता. सैनिकाच्या हातात शस्त्र अडू नये, एवढीच त्याची जबाबदारी होती आणि ती त्याने चोख पार पाडली.

२०१५ च्या अखेरीस अमेरिकी काँग्रेसने अशी शिल्लक पिस्तुले नागरिकांना विकण्यासाठी सिव्हिलियन मार्क्समनशिप प्रोग्रॅम या संस्थेकडे देण्याची मुभा दिली, आणि २०१८ साली पहिली विक्री झाली तेव्हा टपालाने सुमारे १९,००० अर्ज आले, म्हणून कोणाचा क्रमांक आधी हे सोडतीने ठरवावे लागले. स्थितीप्रमाणे ८५०, ९५० आणि १,०५० डॉलर अशा प्रती होत्या, आणि पिस्तुलात निरनिराळ्या कारखान्यांचे भाग असतील हे संस्थेने आधीच सांगितले होते. लोकांनी ते जाणूनच पैसे भरले. मग घरी आणल्यावर त्याच पिस्तुलाचे शुद्धीकरण करण्याची घाई कशासाठी?

उत्तर बाजारात आहे. शिवणयंत्रांमुळे आपल्याकडेही घरोघरी ठाऊक असलेल्या सिंगर कंपनीने युद्धाच्या उंबरठ्यावर नमुन्यादाखल अवघी ५०० पिस्तुले करून दिली होती, आणि त्यांतील एखादे निर्भेळ अवस्थेत निघाले तर लिलावात लाखाच्या वर डॉलर सहज मोजले जातात. दुर्मिळतेला दाम मिळावा हे मला मान्य आहे. परंतु निर्भेळपणाला एवढा भाव आला की निर्भेळपणा बनविणारेही उत्पन्न होतात: कोणी दोन पिस्तुले मोडून एक 'मूळचे' करतो, कोणी शस्त्रागाराचा ठसा घासून काढतो, कोणी नवा लेप उतरवून त्यावर जुन्या झिजेचा आभास चढवितो. शंभर संग्राहकांनी निव्वळ हौसेने असे फेरफार केले की पन्नास वर्षांनी अभ्यासकाच्या हाती जे पिस्तूल येईल, ते कारखान्यातून तसे निघाले की कोणाच्या माजघरात तसे झाले, हे सांगणे कोणाला शक्य होणार आहे? कोल्टची ती बदली स्लाइड तरी येणार कोठून? बहुधा दुसरे एखादे पिस्तूल मोडूनच. एकाचे गोत्र जुळविण्यासाठी दोघांची हकीकत नाहीशी करायची, हा व्यवहार मला कमालीचा दुःखद वाटतो.

एक भेद मात्र केलाच पाहिजे. जर्मन लुगर पिस्तुलाची गोष्ट निराळी आहे. त्याचे भाग जोडताना हाताने बेतून बसवीत, आणि म्हणून लहानसहान भागांवरही त्या पिस्तुलाच्या क्रमांकाचे शेवटचे दोन अंक उमटवीत. तेथे 'क्रमांक जुळतात का' हा प्रश्न कारखान्यानेच घालून दिलेला आहे. पण लुगरच्या बाबतीतही, युद्धानंतर सोव्हिएत भांडारांत ज्यांची उस्तवार झाली आणि ज्यांच्यात दहा ठिकाणचे अंक दिसतात, ती पिस्तुले पराभूत सैन्याच्या हातून विजेत्याच्या कोठीत झालेल्या प्रवासाची अस्सल नोंद आहेत. त्यांचे अंक खोडून नवे ठोकणे म्हणजे दप्तरातील कागदावर खाडाखोड करणे होय.

दप्तराचा उल्लेख मी सहज केलेला नाही. मोडी कागद वाचणाऱ्याला विचारा: पत्राच्या मुख्य मजकुराइतकेच त्याच्या पाठीवरचे शेरे, निराळ्या हाताने घातलेली मिती, 'मोर्तब सुद' ही अक्षरे त्याला मोलाची वाटतात, कारण तो कागद कोणाच्या हातून, कोणत्या कचेरीतून फिरला हे त्यावरूनच कळते. आणि शस्त्रांचेच उदाहरण हवे असेल तर आपली फिरंग आहे. जर्मनीत नाहीतर इटलीत घडलेले सरळ, लांब पाते समुद्रमार्गे पश्चिम किनाऱ्यावर यायचे, आणि येथील शिकलगार त्याला येथल्या वळणाची मूठ, येथल्या हाताला मानवेल असा परज बसवून द्यायचा. पाते एका मुलखाचे, मूठ दुसऱ्या मुलखाची, आणि तलवार मराठ्यांची. संग्रहालयातील फिरंगीची मूठ उतरवून पात्याला त्याच्या जन्मगावची मूठ बसवावी, असे कोणी म्हणाले तर आपण त्याला परवानगी देऊ काय?

प्राण घेणाऱ्या यंत्राविषयी एवढी आस्था कशाला, असे कोणी विचारील. हा प्रश्न मला लहान वाटत नाही. आपल्या देशात १९५९ च्या शस्त्र कायद्याने आणि २०१९ च्या दुरुस्तीने परवानाधारकालाही दोहोंपेक्षा अधिक अग्निशस्त्रे सामान्यतः ठेवता येत नाहीत, आणि हे बंधन मला योग्यच वाटते. अमेरिकेतील मुबलकतेचा मी पुरस्कर्ता नाही. परंतु जे शस्त्र एका शतकाच्या युद्धांतून गेले, ते आता पुराव्याच्या जागी बसले आहे, आणि पुरावा अप्रिय असला म्हणून तो बदलण्याचा हक्क आपल्याला पोहोचत नाही. उलट अप्रिय पुरावाच अधिक जपावा लागतो.

तेव्हा माझे म्हणणे इतकेच की, भेगाळलेली नळी किंवा दमलेली कमान सुरक्षिततेसाठी खुशाल बदलावी, पण काढलेला भाग चिठ्ठी लावून त्याच पेटीत ठेवावा. विकणाऱ्याने कोणता भाग कोणाचा आणि कोणता केव्हा बदलला हे विक्रीच्या कागदावर लिहून द्यावे. आणि संग्रहालयांनी पाटीवर केवळ चौकटीच्या कारखान्याचे नाव न घालता दुरुस्तीच्या शस्त्रागाराचेही घालावे, कारण त्या वस्तूच्या आयुष्याची अधिक वर्षे त्याच्याच हिशेबी जमा आहेत.

भाच्याने ती स्लाइड मागवली नाही. त्या रात्री आम्ही भिंग आणि विजेरी घेऊन बसलो, आणि त्याने एका आखीव कागदावर रकाने पाडून प्रत्येक भाग, त्यावरची खूण आणि ती खूण कोणाची, अशी मराठीतच यादी केली: चौकट, कोल्ट, स्लाइड, रेमिंग्टन रँड, नळी, हाय स्टँडर्ड, ठसा, ऑगस्टा. घोड्यावर आणि चापावर मात्र कोणाचेच नाव सापडले नाही. त्या दोन्ही ओळींपुढे 'खूण नाही' असे लिहून त्याने कागदाची घडी केली आणि ती पिस्तुलाखाली पेटीत सरकवून ठेवली.