आरसा करून टाकला, वाचवलं नाही

रात्री झोपण्याआधी फोनवर ते रील येतंच. जुन्या स्पोर्ट्स कारचं काळवंडलेलं अलॉय व्हील. कुणीतरी ते रसायनाच्या टाकीत बुडवतं, फसफसून फेस येतो, मग बफिंग मशीन फिरतं, आणि तीस सेकंदांत चाकाचा आरसा होतो. खाली आगीच्या इमोजींचा पाऊस. मीही अशा रील्सना लाइक ठोकलेत. आता तो फेस दिसला की पोटात खड्डा पडतो. कारण त्या फेसात मळ जात नाहीये. कारखान्याने मुद्दाम दिलेली कातडी सोलली जातेय.

एकच चाक घेऊ, म्हणजे हवेत बोलायला नको. पोर्शे ९११ एस ही गाडी १९६६ साली, १९६७च्या मॉडेल वर्षासाठी आली. तिच्यासोबत आलं पाच पाकळ्यांचं फुक्स चाक. आकार दिला पोर्शेच्या हाइनरिख क्ली यांनी, बनवलं जर्मनीतल्या माइनर्त्सहागेनच्या ओट्टो फुक्स कंपनीने. हे चाक साच्यात ओतलेलं नव्हतं. अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूवर प्रचंड दाब देऊन घडवलेलं, म्हणजे फोर्ज केलेलं. म्हणून हलकं आणि तरीही दणकट.

आता त्याच्या चकाकीकडे या. ती आरशासारखी नव्हतीच. पाकळ्यांवर मऊ, किंचित दुधाळ रुपेरी तेज आणि मधल्या खोलगट भागात काळा रंग, हे त्याचं ओळखीचं रूप. ते तेज अ‍ॅनोडायझिंगचं. घासून तयार केलेला धातू आम्लाच्या टाकीत ठेवून त्यातून वीज सोडतात, आणि धातूचा वरचा थरच ऑक्साइडमध्ये बदलतो. रंगासारखा तो वरून चढवलेला नसतो, धातूतूनच उगवलेला असतो. रासायनिकदृष्ट्या माणिक आणि नीलम ज्या संयुगाचे असतात, तेच हे संयुग. मायक्रॉनमध्ये मोजावा इतका पातळ, पण कठीण. जर्मनीत हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात, ब्रेकची गरम भुकटी चाकावर सतत उडत असते. त्यासाठी होती ही कातडी.

पॉलिशवाल्याची अडचण अशी की हा थर बफिंगला दाद देत नाही. मग तो कॉस्टिक सोड्याने काढायचा. सोडा ऑक्साइड खाऊन थांबत नाही. चाक वेळेवर बाहेर काढलं नाही, तर खालचं अ‍ॅल्युमिनियमही खातो. पुढे सँडपेपर आणि बफ पाकळ्यांच्या धारा गोल करतात. रुपेरी आणि काळ्याच्या मधली ती नेमकी रेघ बोथट होते. गेलेला धातू परत येत नाही.

आणि मिळतं काय? उघडं अ‍ॅल्युमिनियम, जे लवकरच मंद पडतं. मग सतत घासत बसा, नाहीतर वरून क्लिअर लॅकर मारा. लॅकरला खडा लागून टवका उडाला की ओल आत शिरते आणि थराखाली अळ्या फिरल्यासारख्या पांढुरक्या रेघा पसरतात. रील बनवणारा तेव्हा पुढच्या चाकावर असतो.

आपल्या आजीला हे एका वाक्यात कळलं असतं. पितळेच्या पातेल्याची आतली कल्हई खरवडून ‘बघा, कसं पिवळंधमक निघालं’ असं कुणी म्हणालं असतं, तर तिने त्याला स्वयंपाकघरातून हाकललं असतं. कल्हई हा भांड्यावरचा डाग नव्हे. कल्हई गेली की आंबट आमटी त्या भांड्यात कळकते.

मॅग्नेशियमच्या चाकांची गोष्ट तर आणखी गंभीर. लॅम्बोर्गिनी मिउराची काम्पान्योलो चाकं मॅग्नेशियमची होती. हा धातू अ‍ॅल्युमिनियमपेक्षा कितीतरी लवकर गंजतो. त्यावरचं संरक्षण काढून उघडं चकचकीत ठेवणं म्हणजे गंजाला आमंत्रण.

‘गाडी त्याची, पैसा त्याचा, तुमच्या पोटात का दुखतं?’ हा प्रश्न येणारच. कायद्याने बरोबर आहे. पण त्याच तोंडाने त्याने ‘रिस्टोर्ड’ म्हणू नये. रिस्टोर म्हणजे होतं तसं करणं. जे कधीच नव्हतं ते करणं म्हणजे मॉडिफिकेशन. ते खुशाल करा, पण खरं नाव लावून. हेही आहेच की, आरसा केलेलं १९६७चं मूळ चाक आणि फुक्ससारखं दिसणारं नवं ओतीव चाक फोटोत सारखीच दिसतात. ज्या गोष्टीमुळे मूळ चाक ओळखू आलं असतं, तीच तुम्ही पैसे देऊन पुसलीत.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे: ‘चाक खड्डे पडेपर्यंत गंजलंय, तडा असेल तर?’ मान्य. अशा वेळी थर काढावाच लागतो. पेनिट्रंट रंग लावून तडे तपासावेत, आणि तडा निघाला तर ते चाक भिंतीवर टांगावं, रस्त्यावर आणू नये. पण तपासणीनंतर जुना थर जसा होता तसा द्या. पुन्हा अ‍ॅनोडायझिंग करता येतं. त्याला वेळ लागतो, खर्च येतो, आणि शेवटी चाक आरशासारखं दिसत नाही. म्हणूनच त्याचं रील चालत नाही.

कारखान्याचं फिनिश एकच होतं, असंही नाही. १९७३च्या कॅरेरा आरएस २.७ मध्ये पांढऱ्या गाडीला लाल, निळ्या किंवा हिरव्या अक्षरांशी जुळणारा रंग चाकांच्या मध्यभागी मिळत असे. म्हणजे रंगाची हौस तेव्हाही होती. प्रश्न एवढाच, की आपल्या हातातलं चाक नेमकं कोणतं, हे सोड्यात बुडवण्याआधी कुणी शोधलं का? बहुतेक चाकांच्या मागच्या बाजूला बनल्याचा महिना आणि वर्ष ठोकलेलं असतं. चाक उलटं करायला दहा सेकंद लागतात.

पुढचं रील आलं की लाइक करण्याआधी एकच कमेंट टाका: ‘आधी यावर काय होतं?’ उत्तर आलं, तर तो कारागीर. नाही आलं, तर तो नुसता घासणारा.