साचा आपला, नफा कोणाचा?

दातिवऱ्याला हिराडोंगरीचा किल्ला आहे. दिवाळीत मुले मातीचे किल्ले करतात, त्यांवर मावळे मात्र दरसाल त्याच साच्यातले. इंग्लंडात नॉटिंगहॅमची गेम्स वर्कशॉप कंपनी १९८३ पासूनच्या 'वॉरहॅमर' खेळासाठी राक्षस, शिपाई असे बोटभर प्लास्टिकचे नग सतत नवे काढते. तेही बिनरंगाचे, सुटे! जोडणे-रंगवणे गिऱ्हाइकाकडे. डिसेंबर २०२४ मध्ये ही कंपनी लंडनच्या शेअरबाजाराच्या पहिल्या शंभरांत गेली.

पालघर-बोईसरकडील आमच्या साचेकार बंधूंना आमचे सांगणे एवढेच की, परक्या नगाची नक्कल नको आणि आपला नमुना एकरकमी मजुरीत देऊन टाकू नका. २००० च्या डिझाइन कायद्याने नव्या नमुन्याला १० वर्षे, पुढे आणखी ५ वर्षे संरक्षण मिळते. अर्ज मात्र माल बाजारात येण्यापूर्वी करावा लागतो.