गाडी बाटवली म्हणे!

गेल्या महिन्यात आमच्या जुन्या गाड्यांच्या ग्रुपवर मी एक फोटो टाकला. आमच्या पद्मिनीच्या डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढलेलं, आत पॉइंट आणि कंडेन्सरच्या जागी काड्यापेटीपेक्षाही लहान एक काळा डबा आणि त्यातून निघालेल्या दोन वायर. बस्स, एवढंच. पंधरा मिनिटांत एका निवृत्त कर्नलसाहेबांचं उत्तर आलं : "गाडी बाटवलीस." त्याखाली बारा जणांचे अंगठे.

सर, तुमची ज्येष्ठता मान्य. आधी सॅल्यूट, मग भांडण.

गाडी १९८५ ची प्रीमियर पद्मिनी. बाबांनी १९९३ साली सेकंड हँड घेतली, सिग्नल्समधून सुभेदार म्हणून निवृत्त झाल्यावर. साताऱ्यात तिचे पॉइंट बाबा स्वतः सेट करायचे आणि टॉर्च धरायचं काम माझं. टॉर्च हलला की शिवी. तेव्हा पॉइंट म्हणजे काय हे मला ग्रुपवरच्या बारा अंगठ्यांकडून शिकायचं नाही. तरीही ज्यांनी ते कधी उघडून पाहिले नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो.

कॉइलमध्ये बॅटरीचा बारा व्होल्टचा करंट वाहत असतो. तो अचानक तोडला की कॉइलच्या दुसऱ्या गुंडाळीत हजारो व्होल्ट तयार होतात आणि प्लगवर ठिणगी पडते. करंट तोडायचं काम पॉइंटचं. धातूच्या दोन टिकल्या. एक स्थिर, दुसरी हलती. मधे फिरणारा चौकोनी कॅम हलत्या टिकलीला ढकलतो, फट पडते, ठिणगी उडते. ही फट अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही कमी असते. आता हिशोब करा. चार सिलिंडरचं इंजिन ३००० आरपीएमवर चालत असेल तर मिनिटाला ६००० ठिणग्या, म्हणजे सेकंदाला शंभर. शंभर वेळा उघडायचं, शंभर वेळा मिटायचं, आणि दर वेळी टिकल्यांवर थोडी जळजळ सोसायची. ती जळजळ आवरायला शेजारी कंडेन्सर. तो मेला की टिकल्या काळ्या पडतात आणि प्लगवरची ठिणगी निळ्याची पिवळी होते.

शिवाय कॅमवर घासणारी पॉइंटची टाच झिजते. टाच झिजली की फट कमी होते, पॉइंट उशिरा उघडतात, टायमिंग मागे पडतं. हे एका दिवसात होत नाही. गाडी रोज थोडी थोडी मंद होत जाते आणि मालकाला वाटतं, गाडीचं वय झालं. वय गाडीचं झालेलं नसतं, टाचेचं झालेलं असतं.

माझ्या काळ्या डब्यात हीच करंट तोडायची नोकरी ट्रान्झिस्टर करतो. रोटरखाली चुंबकांची एक कडी बसते. चुंबक समोरून गेला की सेन्सरला कळतं आणि ट्रान्झिस्टर करंट तोडतो. घासणारं काही नाही, जळणारं काही नाही. कॉइल तीच, झाकण तेच, रोटर तोच, प्लग तेच. बॉनेट उघडून पाहिलंत तरी त्या दोन वायर सोडल्या तर काही दिसणार नाही.

मी हे का केलं, ते आता सांगतो.

माझं पोस्टिंग महूला आलं. बाबांनी तिथे पूर्वी कोर्स केलेला, त्यांना महू पुन्हा पाहायचं होतं, आणि तेही स्वतःच्या गाडीतून. वय शहात्तर. मी नाही म्हणू शकलो नाही. निघण्यापूर्वी नवे पॉइंट, नवा कंडेन्सर, सगळं बाबांच्या देखरेखीखाली बसवलं. ऑगस्ट महिना. पुणे, नाशिक, धुळे, शिरपूर; बिजासन घाट गाडीने गाणं म्हणत चढला. खलघाटला नर्मदा ओलांडली तेव्हा अंधार पडला होता. गुजरी सोडून मानपूरच्या घाटाला लागलो आणि गाडी मिस मारायला लागली. आधी एक ठसका, मग दोन, मग सायलेन्सरमधून बार. अर्ध्या चढावर, वळणाच्या थोडं पुढे, बंद पडली.

पाऊस. मागून लोड भरलेले ट्रक. आपल्या पद्मिनीला हॅझार्ड लाइट नाहीत हे तुम्हाला माहीत आहेच.

मी बॉनेटखाली वाकलो. बाबा न सांगता टॉर्च घेऊन वळणाच्या दिशेने चालत गेले आणि रस्त्याच्या कडेला उभे राहून ट्रकना इशारा करायला लागले. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात टॉर्च. एक ट्रक त्यांच्यापासून इतक्या जवळून गेला की छत्री उलटी झाली. माझ्या तोंडात मोबाइलचा उजेड, हाताला पाणी, पॉइंटच्या टिकल्या कोळशासारख्या. पॉइंट बदलले. गाडी चालू झाली, दोनशे मीटर गेली आणि पुन्हा तेच. तेव्हा डोक्यात उजेड पडला : नवा कंडेन्सरच मेला होता. साडेसहाशे किलोमीटरही टिकला नव्हता. जुना, चांगला चाललेला कंडेन्सर बाबांनी सवयीने डिकीत ठेवला होता म्हणून आम्ही त्या रात्री महूला पोचलो. नाहीतर काय झालं असतं, ते मी घरी आईला अजून सांगितलेलं नाही.

आता कुणी म्हणेल, चांगला कंडेन्सर घ्यायचा होता. कुठून? डबा नवा, छपाई नवी, आतला माल कसा आहे ते बाहेरून कळत नाही. जुन्या स्टॉकचे पॉइंट मिळाले तर ते सोन्याच्या भावात. आणि मिस्त्री? एमपीएफआय आल्यानंतर ज्या मुलांनी हातात पाना घेतला त्यांनी पॉइंट पाहिलेले नाहीत, आणि त्यात त्यांचा दोष नाही. जे मिस्त्री फीलर गेज नसेल तर पोस्टकार्ड घालून फट बघायचे, ते आता ऐंशीच्या घरात आहेत किंवा गेले. एका छावणीच्या गावात मी मिस्त्रीला म्हणालो, "डेल्को उघड." त्याने मला विचारलं, "साहेब, डेल्को कुठे असतो?"

या डेल्कोवरूनच पुढचं बोलू. आपले मिस्त्री डिस्ट्रिब्युटरला डेल्को म्हणतात, ते चार्ल्स केटरिंग या अमेरिकन इंजिनिअरच्या कंपनीच्या नावावरून. त्याने १९१० च्या सुमारास बॅटरी, कॉइल आणि पॉइंटची ही पद्धत कॅडिलॅकमध्ये आणली. त्याआधी गाड्या मॅग्नेटोवर चालायच्या. म्हणजे तुम्ही ज्याला 'ओरिजिनल' म्हणता तोही एके काळी नवा जोडच होता. पुढे क्रायस्लरने १९७३ च्या मॉडेलपासून आपल्या सगळ्या गाड्यांमधून पॉइंट काढून टाकले. आमची पद्मिनी कुर्ल्याच्या कारखान्यातून त्यानंतर बारा वर्षांनी बाहेर पडली, तरी पॉइंट घेऊनच. त्यात कसली आलीय परंपरा? आपल्याकडे गाडीसाठी वर्षानुवर्षं नंबर लावून बसणारं गिऱ्हाईक होतं, बदलायची गरज कुणाला होती!

आणि कर्नलसाहेब, तुमच्या फियाटला डायनॅमोच्या जागी अल्टरनेटर आहे. मी पाहिलाय. रेडियल टायर आहेत. डॅशबोर्डखाली मोबाइलचा चार्जर आहे. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी सीएनजीवर धावल्या आणि २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये रस्त्यावरून गेल्या तेव्हा सगळ्या महाराष्ट्राने डोळे पुसले. त्या बाटलेल्या होत्या असं तेव्हा कुणी म्हणालं नाही. ग्रुपवर एकाने कायदाही काढला. २०२१ च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांवरची गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवायची तर ती मूळ रूपात हवी. चॅसी, बॉडी, इंजिनात मोठे फेरफार नकोत. कबूल. पण दोन स्क्रू सोडून पुन्हा पॉइंट बसवता येतात, त्याला मोठा फेरफार म्हणायचं असेल तर इंजिन ऑइल बदलणंही बंद करावं लागेल. आमची गाडी पन्नाशीची होईल २०३५ साली. तोवर पॉइंटची प्लेट ग्रीस लावून, प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवली आहे.

ती प्लेट डिकीतच असते आणि त्याला कारण आहे. तुमच्या बाजूचा एकच मुद्दा खरा जड आहे, आणि तो तुमच्यापैकी कुणीच मांडला नाही, म्हणून मीच मांडतो. पॉइंट मरतात ते सांगून मरतात. ठसके देतात, ओढत ओढत गावापर्यंत नेतात, आणि नेलफाइलने घासले तरी तासभर चालतात. मॉड्यूल मेला की मेला, रस्त्यात त्याचं काही करता येत नाही. बॅटरी अगदीच बसली असेल तर त्याला पुरेसे व्होल्ट मिळत नाहीत आणि धक्का मारूनही गाडी चालू होईलच असं नाही. पॉइंट तिथे कसंबसं निभावतात. म्हणून फट आधीच सेट केलेले पॉइंट आणि तो जुना शूर कंडेन्सर मी बरोबर बाळगतो. बदलायला वीस मिनिटं. फौजेत रेडिओ सेट कितीही भारी आला तरी रनर ठेवतातच.

आता दुसऱ्या बाजूच्या उत्साही पोरांनाही दोन शब्द. "किट लावा, पिकअप वाढेल, अ‍ॅव्हरेज वाढेल" असं जे छातीठोक सांगतात त्यांनी थांबावं. नीट सेट केलेले पॉइंट आणि मॉड्यूल यांत, रोजच्या वेगाला, गाडीच्या ताकदीत फरक जाणवत नाही. फरक एवढाच की मॉड्यूलचं सेटिंग सहा महिन्यांनीही तिथेच असतं. ज्याचे पॉइंट चार वर्षं कुणी पाहिलेच नव्हते, त्याला किट बसवल्यावर चमत्कार वाटतो. डिस्ट्रिब्युटरच्या अ‍ॅडव्हान्स स्प्रिंगा ढिल्या झाल्या असतील किंवा कार्बोरेटरमध्ये कचरा असेल तर हा डबा काय करणार? मी ओळखीच्या दोघांचे मॉड्यूल जळलेले पाहिले. एकाने बॅटरीच्या वायर उलट्या लावल्या. दुसऱ्याने कॉइलचा रेझिस्टन्स मॉड्यूलला चालतो का ते मोजलंच नाही, वर इंजिन बंद ठेवून चावी चालू केली आणि अर्धा तास गाणी ऐकली. मग शिव्या कुणाला, तर इलेक्ट्रॉनिक्सला. कॉइल मोजा, डिस्ट्रिब्युटरला पक्का अर्थ द्या, साधी तांब्याची प्लग वायर काढून सप्रेशनची घाला. आणि बसवल्यावर टायमिंग लाइटने टायमिंग पाहा, कानाने नाही.

महूला आल्यावर आठवडाभराने मी मॉड्यूल मागवला. बाबांना सांगायला मी जरा घाबरलो होतो. त्यांच्या हातचं काम मी काढून टाकणार होतो. त्यांनी डबा हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि विचारलं, "आत ट्रान्झिस्टर आहे ना?" मग म्हणाले, "आमच्याकडे व्हॉल्व्हचे सेट होते तेव्हा पाठ मोडायची. ट्रान्झिस्टरचे आले तेव्हा प्लाटूनमध्ये कुणी रडलेलं मला आठवत नाही." बसवताना टॉर्च त्यांनी धरला. हलवला नाही.

गेल्या सात महिन्यांत ते महूच्या बाजारात, पाताळपाणीला, एकदा इंदूरला सराफ्यात जिलेबी खायला, एकटे गाडी घेऊन गेलेत. मी घरी बसून फोनकडे बघत बसलो नाही.

सर, तुमची १९७२ ची फियाट देहरादूनच्या गॅरेजमध्ये गेली दोन वर्षं कव्हरखाली आहे. मॅडमनी सांगितलं. पॉइंट सेट करणारा मिळत नाही आणि गुडघ्यामुळे तुम्हाला वाकवत नाही, हेही त्यांनीच सांगितलं. ग्रुपवर मात्र तुम्ही तिचे २०१५ चे फोटो टाकता. डिसेंबरमध्ये मी रजेवर तिकडे येतो आहे. बाबांचं फीलर गेज आणि एक नवा मॉड्यूल, दोन्ही घेऊन येईन. तुम्ही म्हणाल ते बसवू. बॅटरी तेवढी चार्ज करून ठेवा.